आभासी संगणकातील दप्तर : जतन आणि संरक्षण

दक्षिण कोरियातील डेजॉन हे शहर विज्ञान व संशोधन संस्थांसाठी प्रसिद्ध आहे. त्या देशाच्या शासनाची संगणकीय साधने सांभाळणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचे मुख्य केंद्र याच शहरात आहे. दिनांक २६ सप्टेंबर २०२५ रोजी रात्री सव्वाआठच्या सुमारास या केंद्राच्या पाचव्या मजल्यावर आग लागली. अखंड वीजपुरवठ्यासाठी ठेवलेल्या लिथियम-आयन बॅटऱ्या हलविण्याचे काम त्या वेळी चालू होते. आग पूर्णपणे विझण्यास सुमारे २२ तास लागले. शासनाच्या ६४७ संगणकीय सेवा बंद पडल्याचे प्रथम जाहीर झाले. पुढे फेरमोजणीत हा आकडा ७०९ वर गेला. टपाल खात्याची कामे अडली, नागरिकांचे ऑनलाइन अर्ज थांबले, मोबाइलवरील ओळखपत्रे चालेनाशी झाली. यांतील सेवा पुढे टप्प्याटप्प्याने पूर्ववत करण्यात आल्या.

एक गोष्ट मात्र परत आली नाही. शासकीय कर्मचाऱ्यांनी आपली कामाची कागदपत्रे ठेवावीत यासाठी ‘जी-ड्राइव्ह’ नावाचे सामाईक संगणकीय भांडार उभारण्यात आले होते. प्रत्येक कर्मचाऱ्याला त्यात ३० गिगाबाइट जागा मिळे. सुमारे सव्वा लाख कर्मचारी त्याचा प्रत्यक्ष वापर करीत. आगीच्या वेळी त्यात ८५८ टेराबाइट माहिती होती. एक टेराबाइट म्हणजे सुमारे एक हजार गिगाबाइट. हे भांडार आगीत नष्ट झाले आणि त्याची दुसरी प्रत अन्यत्र नव्हती. मोठ्या आकाराच्या व कमी वेगाच्या या साठ्याची बाहेर प्रत ठेवणे व्यवस्थेत बसत नाही, असे त्याचे कारण देण्यात आले. सर्व कागदपत्रे आपल्या संगणकावर न ठेवता याच भांडारात ठेवावीत, असा दंडक ज्या मंत्रालयाने कसोशीने पाळला होता, त्याचेच सर्वाधिक नुकसान झाले. नियम पाळणाऱ्यांवर हा प्रसंग यावा, हे विशेष चिंतनीय होय.

या घटनेपासून महाराष्ट्रातील शासकीय अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांनी घेण्यासारखा बोध पुष्कळ आहे. सातबाऱ्याचा उतारा, जन्म-मृत्यूची नोंद, घरपट्टीची आकारणी, विद्यार्थ्यांची माहिती अशी अनेक दप्तरे आता कपाटातून निघून दूरच्या माहिती-केंद्रात गेली आहेत. तेथे ती ज्या यंत्रात राहतात त्याचे स्वरूप काय, ते कशाने बिघडते आणि बिघडले तरी दप्तर कसे वाचविता येते, हे समजून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

आभासी संगणक म्हणजे काय?

एका मोठ्या वाड्यात आडभिंती घालून दहा बिऱ्हाडे केली, तर प्रत्येक बिऱ्हाडाला आपले घर स्वतंत्र वाटते. जोते, छप्पर आणि विहीर मात्र एकच असते. आभासी संगणकाची, म्हणजे व्हर्च्युअल मशीनची, रचना काहीशी अशीच असते. एका शक्तिमान संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर, एक नियंत्रक आज्ञावली चालते. ती त्या यंत्राची स्मरणशक्ती, गणनशक्ती आणि साठवणुकीची जागा वाटून देऊन त्यात अनेक संगणक असल्याचा आभास निर्माण करते. ही कल्पना नवी नाही. आयबीएम कंपनीने १९७२ मध्ये व्हीएम/३७० ही प्रणाली याच तत्त्वावर बाजारात आणली होती. आज बहुतेक माहिती-केंद्रे व ‘क्लाउड’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सेवा याच तत्त्वावर चालतात. भारत शासनाचा ‘मेघराज’ हा राष्ट्रीय क्लाउड २०१४ मध्ये सुरू झाला.

आभासी संगणकाची हार्ड डिस्कही आभासी असते. वस्तुतः ती मूळ यंत्रावरील एक मोठी फाइल असते. एखाद्या खात्याचा संपूर्ण संगणक, त्यातील आज्ञावली आणि वर्षानुवर्षांच्या नोंदी अशा एका फाइलमध्ये सामावतात. याचा लाभ असा की, संपूर्ण संगणक उचलून दुसऱ्या यंत्रावर नेता येतो. धोका असा की, ती फाइल बिघडली तर संपूर्ण संगणक एकदम नाहीसा होतो. शिवाय अनेक आभासी संगणकांच्या फाइली एकाच साठवण-यंत्रात असल्यामुळे त्या यंत्राच्या एका बिघाडाने अनेक खात्यांची कामे एकाच वेळी ठप्प होतात.

जागावाटपातही असाच एक धोका दडलेला असतो. सर्वांना एकदम पूर्ण जागा लागत नाही, या भरवशावर प्रत्यक्षात असलेल्या जागेपेक्षा अधिक जागा कागदोपत्री वाटण्यात येते. एस. टी. च्या चाळीस आसनांसाठी साठ आरक्षणे द्यावीत, तसा हा प्रकार होय. काही प्रवासी येणार नाहीत तोवर निभावते. सर्व जण आले की गाडी अडते. साठवण-यंत्र काठोकाठ भरले की त्यावरील आभासी संगणक लिहिता लिहिता थांबतात आणि अर्धवट राहिलेल्या नोंदी बिघडण्याचा संभव निर्माण होतो. शिल्लक जागेवर नित्य देखरेख ठेवणे हा म्हणूनच संरक्षणाचा पहिला उपाय ठरतो.

डिस्क बिघडते तेव्हा

फिरणारी चुंबकीय डिस्क असो वा तिच्या जागी आलेली इलेक्ट्रॉनिक डिस्क असो, ती केव्हा ना केव्हा निकामी होणार, हे गृहीत धरूनच माहिती-केंद्राची आखणी करावी लागते. अमेरिकेतील बर्कले येथील विद्यापीठात डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात यावरील उपाय सुसूत्रपणे मांडला. अनेक साध्या डिस्क एकत्र जोडून त्यांत माहितीबरोबर पडताळ्याचीही नोंद ठेवावी, असे त्याचे सार होय. ही रचना ‘रेड’ या नावाने ओळखली जाते.

तिचे तत्त्व पंचायतीच्या वहीवरून सहज कळेल. तीन प्रभागांची घरपट्टी अनुक्रमे ४१२, ३६५ आणि २२३ रुपये जमा झाली व बेरीज १,००० रुपये लिहिली. पुढे शाई सांडून दुसऱ्या प्रभागाचा आकडा पुसला गेला, तरी बेरजेतून इतर दोन वजा करून ३६५ हा आकडा पुन्हा मिळतो. संगणकातील गणित बेरजेहून थोडे निराळे असले तरी विचार हाच आहे. एका पडताळ्याच्या आधारे एक हरवलेली डिस्क पुन्हा भरून काढता येते. दोन आकडे एकदम पुसले गेले, तर मात्र एकट्या बेरजेचा उपयोग होत नाही.

आजच्या मोठ्या डिस्कच्या बाबतीत ही मर्यादा महत्त्वाची ठरते. १६ टेराबाइटची नवी डिस्क सेकंदाला २०० मेगाबाइट या वेगाने अखंड भरली, तरी ती पूर्ण भरण्यास सुमारे २२ तास लागतात. केंद्राचे रोजचे काम चालू असेल तर याहून अधिक वेळ जातो. तेवढ्या अवधीत दुसरी डिस्क बंद पडली तर सर्व माहिती जाते. यास्तव मोठ्या साठवण-यंत्रांत दोन स्वतंत्र पडताळे ठेवणारी रचना पसंत केली जाते आणि बदलीची डिस्क आधीच जोडून ठेवण्यात येते.

वीज अकस्मात गेल्यामुळेही हानी होते. काम जलद व्हावे म्हणून आलेली नोंद आधी तात्पुरत्या स्मृतीत घेतली जाते आणि ‘लिहिले’ असा निरोप लगेच दिला जातो. डिस्कवर ती क्षणभराने उतरते. त्याच क्षणी वीज गेली, तर आभासी संगणकाला नोंद झाली असे वाटते, प्रत्यक्षात ती कोठेच नसते. ही तात्पुरती स्मृती बॅटरीने सुरक्षित केलेली असावी, नसल्यास नोंद डिस्कवर उतरल्याखेरीज निरोप देऊ नये, असा दंडक यासाठी पाळावा लागतो.

स्नॅपशॉटची मर्यादा

आभासी संगणकाची एक सोय फार मोहक आहे. कोणत्याही क्षणी त्याची स्थिती जशीच्या तशी गोठवून ठेवता येते. यास ‘स्नॅपशॉट’ म्हणतात. आज्ञावलीत एखादा बदल करण्यापूर्वी स्नॅपशॉट घेतला, तर बदल फसल्यास पूर्वस्थितीवर परतता येते. यामुळे स्नॅपशॉट हीच सुरक्षित प्रत आहे, असा समज पुष्कळ ठिकाणी रूढ झालेला दिसतो.

हा समज घातक आहे. सामान्यतः स्नॅपशॉट घेतल्यावर मूळ फाइल तशीच राहते आणि त्यानंतरचे बदल वेगळ्या फाइलमध्ये साठू लागतात. स्नॅपशॉट हा असा मूळ फाइलवर विसंबून असतो. त्याच साठवण-यंत्रातील मूळ फाइल नष्ट झाली तर तोही निरुपयोगी होतो. शिवाय बदलांची फाइल दिवसेंदिवस फुगत जाऊन शिल्लक जागा संपविते. काम झाल्यावर स्नॅपशॉट काढून टाकावा, हाच योग्य परिपाठ आहे.

चालू संगणकाची प्रत घेताना आणखी एक दक्षता घ्यावी लागते. एका खात्यातून रक्कम वजा झाली आहे आणि दुसऱ्या खात्यात जमा व्हावयाची आहे, अशा मधल्या क्षणी रोकडवहीचे छायाचित्र घेतले तर हिशेब जुळणार नाही. म्हणून प्रत घेण्यापूर्वी माहितीकोशाला हातातील व्यवहार पूर्ण करण्याची सूचना द्यावी लागते. ही व्यवस्था नसेल तर प्रत मिळते, पण तिच्यातील नोंदी विसंगत असण्याची भीती राहते.

आरसा आणि प्रत

काही केंद्रांत मुख्य यंत्रावर लिहिलेली प्रत्येक नोंद त्याच क्षणी दुसऱ्या यंत्रावरही लिहिली जाते. एक यंत्र बंद पडताच दुसरे काम हाती घेते व नागरिकांची गैरसोय टळते. ही व्यवस्था उपयुक्त आहे; परंतु ती आरशासारखी आहे. मुख्य यंत्रावर कोणी चुकून नोंदी पुसल्या तर आरशातूनही त्या तत्क्षणी पुसल्या जातात. घातपाती आज्ञावलीने मुख्य यंत्रातील माहिती कुलूपबंद केली, तर आरशातही कुलूप दिसते. कालची, गेल्या आठवड्याची, गेल्या महिन्याची स्थिती परत देऊ शकेल अशी स्वतंत्र प्रत, म्हणजेच बॅकअप, आरशाबरोबर असावाच लागतो.

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेवर २३ नोव्हेंबर २०२२ रोजी झालेला सायबर हल्ला या दृष्टीने उद्बोधक आहे. संस्थेच्या पाच सर्व्हरवरील सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद करण्यात आली. रुग्णनोंदणीचे काम सुमारे दोन आठवडे हाताने, कागदावर करावे लागले. दूरदूरच्या गावांतून आलेल्या रुग्णांना त्याचा किती त्रास झाला असेल, याची कल्पना करता येते. तथापि रुग्णांच्या नोंदी कायमच्या गेल्या नाहीत. हल्ल्याची झळ न पोहोचलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून त्या मिळविण्यात आल्या आणि नव्या सर्व्हरवर पुन्हा बसविण्यात आल्या. डेजॉनचे भांडार गेले आणि दिल्लीच्या नोंदी वाचल्या, यातील फरक त्या एका अलिप्त प्रतीने केला.

अशी प्रत अलिप्त राहावी म्हणून तिच्या किल्ल्या मुख्य यंत्राच्या किल्ल्यांपासून निराळ्या ठेवतात. ठरावीक मुदतीपर्यंत कोणालाही, अगदी व्यवस्थापकालाही, बदलता वा पुसता येणार नाही अशा साठ्यात एक प्रत ठेवण्याची पद्धतही रूढ होत आहे. जुनी वाटणारी चुंबकीय फीत आजही वापरात आहे. यंत्रातून काढून कपाटात ठेवलेल्या फितीपर्यंत कोणताही हल्लेखोर जाळ्यातून पोहोचू शकत नाही.

अंतराचे महत्त्व

प्रत कोणत्या जागी आहे हा प्रश्नही तेवढाच महत्त्वाचा आहे. फ्रान्समध्ये ऱ्हाइन नदीकाठच्या स्ट्रासबर्ग शहरात ओव्हीएच या कंपनीचे माहिती-केंद्र आहे. तेथील पाच मजली इमारत १० मार्च २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर लागलेल्या आगीत जळून गेली व शेजारच्या इमारतीचाही काही भाग नष्ट झाला. अनेक ग्राहकांची माहिती कायमची गेली. यातील एका ग्राहकाने बॅकअपची सेवा घेतली होती आणि प्रत मूळ माहितीपासून वेगळ्या जागी राहील, असे करारात म्हटले होते. प्रत्यक्षात प्रत त्याच इमारतीत होती. तेथील न्यायालयाने २०२३ मध्ये कंपनीला नुकसानभरपाई देण्याचा आदेश दिला. भरपाई मिळाली तरी गेलेली माहिती परत आली नाही. निविदा व करार तयार करणाऱ्या अधिकाऱ्यांनी यावरून एवढे ध्यानी घ्यावे की, ‘बॅकअप ठेवावा’ एवढे लिहिणे पुरेसे नाही. तो कोणत्या शहरात, कोणाच्या ताब्यात आणि किती काळ राहील हेही लिहावे, आणि त्याप्रमाणे होते की नाही हे पाहावे.

महाराष्ट्राला पुराचाही अनुभव आहे. २६ जुलै २००५ च्या पावसात मुंबईतील सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. अशा वेळी एका उपनगरातील प्रत दुसऱ्या उपनगरात असणे फारसे उपयोगी पडत नाही. जी आपत्ती मूळ दप्तरावर येईल तीच प्रतीवर येणार नाही, एवढे अंतर दोहोंत हवे. राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राने आपली राष्ट्रीय माहिती-केंद्रे दिल्ली, पुणे, हैदराबाद व भुवनेश्वर अशा परस्परांपासून दूर असलेल्या शहरांत उभारली आहेत, त्यामागील एक लाभ हाच होय.

या सर्व विचारांचे सार एका सुटसुटीत नियमात सांगितले जाते. महत्त्वाच्या माहितीच्या निदान तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक तरी दूरच्या ठिकाणी असावी. ‘तीन-दोन-एक’ या नावाने हा नियम जगभर ओळखला जातो.

प्रत उघडून पाहिली काय?

एवढे करूनही एक उणीव राहू शकते. आज्ञावली लिहिणाऱ्यांना साठवणुकीची सेवा देणाऱ्या गिटलॅब या कंपनीत ३१ जानेवारी २०१७ रोजी एका अभियंत्याने एका सर्व्हरवरील माहिती पुसावयाची ती चुकून मुख्य सर्व्हरवरील पुसली. सुमारे ३०० गिगाबाइट माहिती काही क्षणांत गेली. कंपनीकडे बॅकअपच्या पाच पद्धती होत्या. संकटाच्या वेळी त्यांतील एकही अपेक्षेप्रमाणे उपयोगी पडली नाही. एक पद्धत आज्ञावलीच्या आवृत्तीतील तफावतीमुळे बंदच पडली होती आणि ती बंद असल्याचे इशारेही कोणापर्यंत पोहोचले नव्हते. सुदैवाने चाचणीच्या कामासाठी सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत हाती लागली आणि तीवरून सेवा उभी करण्यात आली. मधल्या सहा तासांतील नोंदी मात्र गेल्या. कंपनीने ही सर्व हकिकत आपण होऊन जाहीर केली, हे तिला भूषणावह आहे.

बॅकअपचे काम रोज आपोआप चालते, या विश्वासावर निर्धास्त राहणे किती धोक्याचे असते हे यावरून दिसते. ठरावीक मुदतीने एखादा आभासी संगणक प्रतीवरून दुसऱ्या यंत्रावर प्रत्यक्ष उभा करून पाहावा, त्यातील काही नोंदी मूळ नोंदींशी ताडून पाहाव्यात आणि या कामास किती वेळ लागला याची नोंद ठेवावी. प्रत उघडते, याची खात्री अशा चाचणीखेरीज होत नाही.

कार्यालयांनी विचारावयाचे प्रश्न

माहिती-केंद्राचे तांत्रिक काम तज्ज्ञांचे आहे. परंतु दोन प्रश्नांची उत्तरे दप्तराच्या मालकालाच, म्हणजे संबंधित खात्याला, द्यावी लागतात. पहिला प्रश्न, किती वेळाचे काम गमावले तर चालेल? प्रत रोज रात्री घेतली जात असेल, तर दुपारी चार वाजता घडलेल्या अपघातात त्या दिवसाचे सर्व काम जाईल. परीक्षेच्या अर्जांना हे परवडणार नाही. वार्षिक अहवालांना कदाचित परवडेल. दुसरा प्रश्न, सेवा किती वेळ बंद राहिली तर चालेल? रुग्णालयाचे उत्तर मिनिटांत असेल, ग्रंथालयाचे दिवसांत. या दोन उत्तरांवर साऱ्या व्यवस्थेचा खर्च अवलंबून असतो. उत्तरे न देता काढलेल्या निविदेत खर्च तरी वाया जातो किंवा दप्तर तरी असुरक्षित राहते.

शाळा आणि ग्रामपंचायती यांनाही आपल्या पातळीवर बरेच करता येण्यासारखे आहे. शाळेचे जनरल रजिस्टर किंवा पंचायतीचा नमुना क्रमांक ८ संगणकात आला म्हणून मूळ वही दुर्लक्षित होऊ देऊ नये. कार्यालयातील संगणकावर तयार होणाऱ्या फाइलींची प्रत बाहेरून जोडावयाच्या दोन डिस्कवर आलटूनपालटून घ्यावी. काम होताच डिस्क संगणकापासून अलग करावी, म्हणजे घातपाती आज्ञावलीचा उपद्रव तिला होणार नाही. दोहोंपैकी एक डिस्क दुसऱ्या इमारतीत, जबाबदार व्यक्तीच्या ताब्यात, कुलूपबंद ठेवावी. तीत नागरिकांची खासगी माहिती असते, याचा विसर पडू नये. महिन्यातून एकदा तीवरील एखादी फाइल उघडून पाहावी आणि तारीख वहीत टिपून ठेवावी. मासिक सभेत सदस्यांनी ‘शेवटची प्रत केव्हा घेतली आणि केव्हा उघडून पाहिली?’ एवढे विचारले, तरी पुष्कळ काम होईल.

मुंबईत मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर २१ जून २०१२ रोजी लागलेली आग सहाव्या मजल्यापर्यंत पोहोचली. त्या आगीत जीवितहानी झाली व अनेक विभागांचे कागद भस्मसात झाले. कागदाचे दप्तर किती नाशवंत असते, हे त्या दिवशी राज्याने पाहिले. डेजॉनच्या घटनेने संगणकातील दप्तरही तितकेच नाशवंत असू शकते हे दाखवून दिले आहे. मात्र संगणकाने एक सोय दिली आहे. कागदाची हुबेहूब नक्कल करण्यास दिवस लागत. संगणकातील दप्तराची नक्कल काही तासांत होते आणि शेकडो किलोमीटर दूर ठेवता येते. जातीच्या दाखल्यासाठी आजोबांच्या शाळेतील नोंद शोधणारा विद्यार्थी किंवा वारसाची नोंद मागणारी विधवा यांच्या दृष्टीने ही सोय वापरली गेली की नाही, हाच प्रश्न महत्त्वाचा आहे. त्यांच्या हक्काचा पुरावा त्या दप्तराखेरीज अन्यत्र नसतो.